कोरियांतील दहा दिवस

प्रवासवर्णन म्हणजे डोंगर, नद्या, राजवाडे आणि पक्वान्नें यांची यादी, असा आपला समज असेल तर आज तो थोडा बाजूस ठेवावा लागेल. 2023 सालच्या ऑक्टोबर महिन्यांत मी व माझे एक जुने स्नेही असे दोघे दक्षिण कोरियांत दहा दिवस हिंडून आलों. पाहिलें पुष्कळ, परंतु आज सांगणार आहें तें मुख्यत्वेंकरून एका बाराखडीविषयीं. जो जन्मभर फळ्यापुढें उभा राहिला त्याला परदेशांतही फळाच दिसतो, असें माझे स्नेही म्हणतात, आणि तें अगदींच खोटें नाहीं.

हे स्नेही पोस्टांतून निवृत्त झालेले. कोरियाचें वेड त्यांना त्यांच्या नातीनें लावलें. ती पोर रात्रीं जागून कोरियन मालिका पाहते, आणि तिला दटावण्यासाठीं म्हणून शेजारीं बसलेले आजोबा हळूहळू स्वतःच त्या पाहूं लागले. सहा महिन्यांत त्यांनीं दहा-पांच कोरियन वाक्यें उचललीं आणि "एकदां तो देश डोळ्यांनीं पाहूं" असा माझ्यामागें धोशा लावला. मला मालिकांची गोडी नाहीं. परंतु सुमारें पावणेसहाशें वर्षांपूर्वीं एका राजानें प्रजेला लिहितां यावें म्हणून नवीं अक्षरें तयार केलीं, एवढें वाचनांत आलेलें होतें. तेवढ्या भांडवलावर मी निघालों.

सेऊल शहरांत उंच इमारतींचें रान माजलें आहे. तथापि दोन जुन्या राजवाड्यांच्या मध्यें बुकचोन नांवाची वस्ती आहे, तेथें जुन्या धर्तीचीं कौलारू घरें अद्याप राखलेलीं आहेत. अशा घराला हानोक म्हणतात. तशाच एका घरांत आम्ही उतरलों. घरधनीण बाई सत्तरी ओलांडलेल्या; त्यांच्या नव्वदी पार केलेल्या थोरल्या भगिनीही तेथेंच राहत. थोरल्या बाईंचा नातू इंग्रजी जाणणारा होता. संध्याकाळीं तो कामावरून परतला म्हणजे आमचा दुभाषी होई. इतर वेळीं हातवारे आणि मोबाईल यांवर भागत असे.

दारांत पादत्राणें काढून आंत पाऊल टाकलें आणि तळपायांना सुखद ऊब लागली. ह्या व्यवस्थेला ओन्दोल म्हणतात. पूर्वीं स्वयंपाकघरांतील चुलीचा धूर जमिनीच्या दगडी फरशांखालीं बांधलेल्या पोकळ वाटांनीं खोलीखालून फिरवीत आणि पलीकडच्या धुराड्यानें बाहेर सोडीत. एकाच जाळावर भातही शिजे आणि घरही उबदार राही. आतां त्या वाटांच्या जागीं ऊन पाण्याच्या नळ्या आल्या आहेत. परंतु जमिनीवर मांडी घालून बसण्याची रीति ह्या उबेनेंच टिकविली असें मला वाटतें. आमच्या गुडघ्यांचें मत विचारलें असतें तर तें थोडें निराळें पडलें असतें!

जेवणाविषयीं एवढेंच सांगतों कीं, शाकाहारी माणसानें त्या देशांत सावध राहावें. किमची म्हणजे मीठमिरची लावून मुरविलेली कोबीची भाजी, असें समजून आपण ती वाढून घेतों. तिच्यांत मासळीचा आंबविलेला रस बहुधा असतोच. गंमत अशी कीं, जी मिरची आज कोरियन जेवणाचा प्राण समजली जाते ती तेथें सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास बाहेरून आली. त्यापूर्वींची किमची तांबडी नव्हती. आपल्याकडेही मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, आणि आतां तिच्यावांचून आपला घास उतरत नाहीं.

पहिल्याच सकाळीं माझ्या स्नेह्यांनीं मालिकांतून मिळविलेल्या विद्येचा प्रयोग केला. धाकट्या बाई दिसतांच त्यांनीं ऐटींत "पाप मगस्स?" असें विचारलें. ह्याचा अर्थ "जेवलीस का?" असा. आपल्यासारखेंच तेथेंही हें ख्यालीखुशालीचें विचारणें आहे. परंतु बाईंनीं तोंडावर हात धरला आणि त्या हंसूं लागल्या. संध्याकाळीं नातवानें उलगडा केला. हें वाक्य एकेरींतलें. बरोबरीच्या मित्राला किंवा लहानाला विचारावें. वडील माणसाला विचारावयाचें तर क्रियापद तर बदलतेंच, पण जेवणाला शब्दही निराळा. भात तोच, मुलानें खाल्ला तर ‘पाप’, आजीनें खाल्ला तर ‘चिन्जी’. आमच्यापैकीं कोणाला कोणत्या शब्दानें संबोधावें हें ठरविण्यासाठीं मग बाईंनीं आमचीं वयें विचारलीं. त्या देशांत वय विचारणें हा आगाऊपणा नव्हे. त्यावांचून वाक्यच पुरें करतां येत नाहीं.

त्या रात्रीं नातवाला मीं एक मराठी वाक्य सांगितलें: "मी उद्यां मित्राबरोबर शाळेंत जाणार." त्यानें त्याचें कोरियन केलें, आणि पाहतों तों शब्दास शब्द त्याच जागीं! आधीं ‘मी’, मग ‘उद्यां’, मग ‘मित्र’ आणि त्याला मागून चिकटलेला ‘बरोबर’चा प्रत्यय, मग ‘शाळा’ आणि तिला मागून चिकटलेला ‘त’, आणि सर्वांच्या शेवटीं क्रियापद. मुलांना इंग्रजी शिकवितांना वाक्य उलटेंसुलटें करून दाखविण्यांत ज्याची हयात गेली त्याला ह्या अनोळखी भाषेंत घरच्यासारखें वाटलें, ह्यांत नवल नाहीं. अर्थात् एवढ्यावरून दोन्ही भाषा बहिणी ठरत नाहींत. वाक्याची घडण सारखी म्हणजे कुळी एक, असें म्हणणारांपासून विद्यार्थ्यांनीं दूरच राहावें.

ऑक्टोबरची 9 तारीख हा तेथें अक्षरांचा दिवस असतो. त्या दिवशीं तेथें अक्षरांसाठीं सार्वजनिक सुटी असते. क्यंगबोक राजवाड्यासमोरच्या विस्तीर्ण चौकांत त्या दिवशीं मोठी गर्दी होती. मधोमध सेजोंग राजाचा भव्य पुतळा आहे. हातांत ग्रंथ धरून राजा बसला आहे, आणि त्याच्या पायाशीं लहान लहान मुलें कागदावर कुंचल्यानें अक्षरें काढीत होतीं.

सेजोंगनें 1418 पासून 1450 पर्यंत राज्य केलें. त्या काळीं कोरियन लोक बोलत कोरियन, पण लिहीत चिनी. चिनी लिपींत जितके शब्द जवळजवळ तितक्या आकृति. त्या शिकण्यांत वर्षांमागून वर्षें जात. ज्याला तेवढी फुरसत नाहीं त्यानें दरबारांत अर्ज करावा तर दुसऱ्याच्या हातानें, आणि आपल्यावर आलेला आरोप वाचावा तर दुसऱ्याच्या डोळ्यांनीं. हें दुःख ध्यानांत घेऊन राजानें 1443 सालीं 28 अक्षरें सिद्ध केलीं आणि 1446 सालीं तीं एका ग्रंथासह प्रसिद्ध केलीं. हुशार माणूस हीं अक्षरें एका सकाळींत शिकेल आणि मंदालाही दहा दिवस पुरे होतील, असा निर्वाळा त्या ग्रंथाच्या शेवटीं राजाच्या एका विद्वानानें दिला आहे. माझ्या स्नेह्यांना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशीं ते रस्त्यानें मोठ्यानें पाट्या वाचीत चालले होते. अर्थ एकाचाही ठाऊक नाहीं! एका पाटीवर "ख-पी, ख-पी" असें दोनदां वाचून ते एकदम थांबले. तें कॉफीचें दुकान होतें. एवढा आनंद मीं पहिलीच्या वर्गांतील मुलांच्याच तोंडावर पाहिला आहे.

आतां ह्या अक्षरांची खुबी ऐका. आपली वर्णमाला रचनेनें अद्वितीय आहे: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, असे वर्ग उच्चारस्थानांप्रमाणें लावलेले. परंतु ‘क’च्या आकृतींत कंठ कोठें दिसतो? ‘क’ आणि ‘ख’ सख्खे शेजारी असून त्यांच्या तोंडावळ्यांत साम्य नाहीं. सेजोंगनें उच्चारस्थानाचीच आकृति काढली. जिभेचें मूळ घशाकडे उचललें जातें, तो कोन म्हणजे ‘क’. जिभेचें टोक वर टेकतें, तो कोन म्हणजे ‘न’. मिटलेल्या तोंडाचा चौकोन म्हणजे ‘म’. दाताचा आकार, झोपडीच्या छपरासारखा, म्हणजे ‘स’. मग ‘क’च्या अंगांत एक रेघ वाढविली कीं ‘ख’ झाला. ‘त’च्या अंगांत वाढविली कीं ‘थ’. स्वरांसाठीं टिंब म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे पृथ्वी आणि उभी रेघ म्हणजे त्या दोहोंमध्यें उभा असलेला माणूस. ह्या तिहींच्या मिळणींतून सारे स्वर. आज मूळच्या 28 पैकीं 24 अक्षरें वापरांत आहेत.

येथें आपला एक दूरचा संबंध पोंचतो. ध्वनींचे उच्चारस्थानाप्रमाणें वर्ग पाडण्याची दृष्टि चिनी पंडितांना बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासानें लाभली, आणि चिनी ध्वनिशास्त्र सेजोंगच्या चांगलें परिचयाचें होतें. मात्र ह्यावरून "कोरियन लिपि आमच्या देवनागरींतून निघाली" अशी द्वाही फिरविणें हा निव्वळ पोकळ अभिमान होय. आकृति राजाच्याच.

इतकी सोयीची वस्तु लोकांनीं डोक्यावर घेतली असेल, असें आपणांस वाटेल. तसें झालें नाहीं. 1444 सालींच छ्वे मान-री प्रभृति दरबारी पंडितांनीं राजाकडे तक्रार केली कीं, चीनला सोडून स्वतःची निराळी लिपि करणें हें मंगोल, जपानी इत्यादि रानटी लोकांना शोभतें, आपल्याला नव्हे. राजानें त्यांना एक रात्र कोठडींत ठेवून सोडून दिलें. पुढें 1504 सालीं एका जुलमी राजानें, आपली निंदा करणारे कागद ह्या लिपींत लिहिलेले सांपडले म्हणून, तिच्यावर बंदीच घातली. पंडितांच्या लेखीं ती बायकांची लिपि राहिली. आणि बायकांनींच ती सांभाळली. सासरीं गेलेल्या मुलींचीं पत्रें, घरगुती टिपणें, कथा-कादंबऱ्या ह्यांतून ती जिवंत राहिली. सरकारी कागदांत तिला मान मिळाला तो 1894 सालीं.

यानंतर चार दिवस आम्ही दक्षिणेकडे होतों. देगूपर्यंत आगगाडी आणि तेथून पुढें डोंगरांतून मोटार अशा वाटेनें हेइन-सा ह्या विहाराला गेलों. विहार 802 सालचा. डोंगराचें नांव कायासान, जें कानांवर पडतांच गयेची आठवण व्हावी. येथें ठेवलेलें संपूर्ण बौद्ध त्रिपिटक तेराव्या शतकांत, मंगोलांच्या स्वाऱ्या चालू असतां, लांकडी फळ्यांवर कोरलें गेलें. त्याआधींचा संच 1232 सालीं मंगोलांनीं जाळला होता, म्हणून हा दुसरा. फळ्या ऐंशी हजारांहून अधिक, दोन्ही बाजूंनीं कोरलेल्या. अक्षरें सुमारें 5 कोटी 20 लक्ष, आणि सर्व उलटीं. आम्हांस तीं लांकडी गजांच्या खिडकींतून बाहेरूनच पाहावीं लागलीं. इमारत पंधराव्या शतकांतली. तींत यंत्र नाहीं, पंखा नाहीं. पुढच्या भिंतीला खालच्या खिडक्या मोठ्या व वरच्या लहान, मागच्या भिंतीला नेमकें उलट, अशी योजना आहे. त्यामुळें वारा आंत आला कीं फळ्यांमधून फिरूनच बाहेर पडतो. 1951 सालीं युद्धांत ह्या डोंगरांत दडलेल्या सैनिकांवर बॉम्ब टाकण्याचा हुकूम झाला असतां किम यंग-ह्वान ह्या वैमानिक अधिकाऱ्यानें विहारावर बॉम्ब टाकण्याचें नाकारलें. त्याचें स्मारक विहाराच्या वाटेवर आहे.

विहारांतलें जेवण माझ्या स्नेह्यांना अमृतासारखें लागलें. तेथें मांसमासळी नाहींच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्या चातुर्मासासारखें. चौथी वाटी भात संपवून ते म्हणाले, "एवढीं पांच कोटी अक्षरें कोरलीं, आणि गांवांतल्या माणसाला त्यांतलें एकही वाचतां येत नव्हतें!" फळ्यांवरची भाषा चिनी आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. त्यांच्या तोंडून इतकें मार्मिक वाक्य मीं पूर्वीं क्वचितच ऐकलें होतें.

वाटेंत किमहे येथें हो ह्वांग-ओक राणीची समाधि पाहिली. तेराव्या शतकांतील एका ग्रंथांत ती ‘आयुता’ देशाहून समुद्रमार्गें आली असें सांगितलें आहे, आणि कित्येक लोक आयुता म्हणजे अयोध्या असें मानतात. ग्रंथ घटनेनंतर हजारांवर वर्षांनीं लिहिलेला. दंतकथा म्हणून ती गोड आहे. इतिहास म्हणून मी वर्गांत शिकविली नसती.

सेऊलला परतलों तों एक नवा वाद पेटलेला. राजवाड्याच्या ग्वांगह्वामुन दरवाजावर 15 ऑक्टोबर रोजीं नवी पाटी बसविली होती. काळ्या फळीवर सोनेरी अक्षरें, आणि तीं चिनी! दरवाजा जसा एकोणिसाव्या शतकांत होता तसाच दिसावा, असें जीर्णोद्धार करणारांचें म्हणणें. 1968 पासून 2010 पर्यंत तेथें कोरियन अक्षरांतली पाटी होती. रात्रीं जेवतांना ह्याच विषयावरून दोघी बहिणींचें वाजलें. धाकट्या म्हणाल्या, जुनें तें जसें होतें तसें ठेवावें. थोरल्या बाईंनीं शांतपणें घास गिळला आणि म्हणाल्या, "राजाचा पुतळा दरवाजाकडे पाठ करून बसला आहे, हें एक बरें झालें."

मग त्या स्वतःहून बोलूं लागल्या. एरवीं त्या फारशा बोलत नसत. नातू एकेक वाक्य आम्हांला सांगत होता. 1910 सालीं जपाननें कोरिया गिळला, आणि पुढें 1938 पासून शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होऊं लागली. बाई त्याच सुमारास शाळेंत गेल्या. वर्गांत मुलांना कांहीं चिठ्ठ्या वांटून दिल्या जात. ज्याच्या तोंडून चुकून कोरियन शब्द निघेल त्याची एक चिठ्ठी ऐकणाऱ्या मुलानें काढून घ्यावयाची. आठवड्याच्या शेवटीं ज्याच्याजवळ चिठ्ठ्या उरल्या नाहींत त्याला मार. ज्याच्याजवळ जास्त जमल्या त्याची शाबासकी. श्रोतेहो, छडी मलाही ठाऊक आहे. माझ्या पिढीच्या मास्तरांनीं ती वापरली. परंतु मास्तरानें मारलें तर मूल मास्तरावर रागावतें आणि मित्राजवळ जाऊन रडतें. येथें रडावयाला मित्रही ठेवला नव्हता. ठेंच लागून "आई ग" म्हटलें तरी शेजारच्या मुलीनें हात पुढें करावा! बाई म्हणाल्या, त्या आणि त्यांची मैत्रीण शाळेच्या वाटेवर मुक्यानेंच चालत. बोललें नाहीं म्हणजे चिठ्ठी जात नाहीं.

1940 पासून नांवेंही जपानी घ्यावीं लागलीं. हजेरीपटावर बाईंचें नांव एक, आईच्या हाकेंत दुसरें. हजेरीचें नांव कोणतें होतें, असें माझ्या स्नेह्यांनीं विचारलें. नातवानें प्रश्न सांगितला. बाईंनीं पाण्याची वाटी उचलली, पाणी प्यायल्या, वाटी खालीं ठेवली. नातवानें प्रश्न पुन्हां केला नाहीं.

ह्याच 1940 सालीं सेजोंगच्या ग्रंथाची अक्षरांच्या आकृति उलगडून सांगणारी प्रत आन्दोंगकडे सांपडली. तोंवर हीं अक्षरें जाळीदार दारांच्या नक्षीवरून सुचलीं असावीं, येथवर तर्क लढविले जात होते. जन ह्यंग-फिल नांवाच्या धनिकानें, विकणाराला वस्तूची किंमत कळत नाहीं असें पाहून, मागितलेल्या रकमेच्या दसपट देऊन ती घेतली आणि जपानी अंमल संपेपर्यंत कोणाला दाखविली नाहीं. युद्धांत पळापळ झाली तेव्हां तो ती उशाशीं घेऊन निजे, असें म्हणतात.

आणि 1942 ची गोष्ट तर प्रत्येक शिक्षकानें ऐकावी अशी आहे. 1929 पासून कांहीं विद्वान् मंडळी कोरियन भाषेचा कोश रचीत होती. गांवोगांवचे शब्द मिळविण्यासाठीं त्यांनीं शाळांतील विद्यार्थ्यांना सुट्टींत कामाला लाविलें होतें. आपल्याकडे दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 पासून 1938 पर्यंत सात विभागांत बाहेर पडला, तोच हा काळ. फरक एवढाच कीं, पुण्यांत अडचण पैशांची होती. सेऊलांत भाषा हाच गुन्हा होता. 1942 च्या उन्हाळ्यांत हामहंगकडे एक विद्यार्थिनी आगगाडींत मैत्रिणींशीं कोरियन बोलतांना पोलिसांच्या नजरेस आली. तिच्या घरची झडती, चौकशी. त्यांतून तिच्या जुन्या शिक्षकाचें, जंग थे-जिन यांचें, नांव निघालें. हे तेव्हां कोशाचें काम करीत होते. त्यांच्या मागोमाग कोशमंडळाचे लोक धरले गेले. दोघे तुरुंगांतच वारले. कोशाचीं हस्तलिखितें पुरावा म्हणून जप्त झालीं आणि पुढें कोठें गेलीं, तें कळेना. जपानचा पाडाव झाल्यावर 1945 च्या सप्टेंबरांत सेऊल स्टेशनच्या मालगुदामांत तीं पडलेलीं सांपडलीं. 1947 सालीं पहिला खंड निघाला. सहावा व शेवटचा 1957 सालीं. तें जुनें स्टेशन, 1925 सालची घुमटाची इमारत, अद्याप उभें आहे. आतां तेथें प्रदर्शनें भरतात, आणि गाड्या शेजारच्या नव्या स्टेशनांतून सुटतात. देगूची गाडी पकडतांना आम्ही त्यावरून गेलों होतों. तेव्हां आम्हांला ती केवळ एक जुनी इमारत वाटली होती.

थोरल्या बाई 1945 च्या हिवाळ्यांत, तेराव्या वर्षीं, आपली लिपि शिकल्या. गांवांत रात्रीचा वर्ग निघाला होता. त्यांची आई त्याच बाकावर, त्यांच्याशेजारीं बसून शिकली.

नातवाला मीं विचारलें, राजवाड्यावरची चिनी पाटी तुला वाचतां येते का? त्यानें मान हलविली. पणजोबांच्या थडग्यावरचा लेखही त्याला लागत नाहीं. माझ्या पेटींत आजोबांच्या हातचे मोडी कागद आहेत. ते मला लागत नाहींत, हें मीं त्याला सांगितलें. दोघेही क्षणभर गप्प राहिलों.

निघण्याच्या आदल्या रात्रीं थोरल्या बाईंनीं कुंचला मागविला. आमचीं नांवें लिहून द्यावयाचीं होतीं. माझें नांव सहज उतरलें. स्नेह्यांचें नांव ‘भ’नें सुरू होणारें, आणि कोरियन भाषेंत ‘भ’ नाहीं. बाईंनीं तें तीनदां म्हणवून घेतलें, त्यांच्या ओठांकडे निरखून पाहिलें, स्वतः म्हणून पाहिलें. प्रत्येक वेळीं ‘प’ नाहीं तर ‘फ’. मग ओठांच्या वर्गांतलें एक अक्षर त्यांनीं कागदावर काढलें, थोडा विचार केला, आणि राजानें ‘क’चा ‘ख’ करतांना केलें होतें त्याप्रमाणें त्याच्या अंगांत एक जास्तीची रेघ ओढून तो कागद माझ्या स्नेह्यांच्या पुढें सरकविला.